पांचामुखीं परमेश्वर

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें म्हणजे उजव्या हातास, मुळा-मुठेच्या डाव्या तीरावर, खराडी लागते. हवेली तालुक्यांतील हें एक शेतीचें गांव होतें. गेल्या शतकाच्या अखेरीस तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पुढें संगणकाच्या उद्योगाचीं मोठमोठीं संकुलें तेथें उभीं राहिलीं, आणि शेतांच्या जागीं उंच इमारती उठल्या. एका फाटकाच्या आंत आतां शेंकडों बिऱ्हाडें नांदतात, व अशा एका आवाराची वस्ती पुष्कळदां एखाद्या लहानशा खेड्याएवढी भरते. खेडें म्हटलें कीं खेड्याचे प्रश्न आलेच. पाणी कोणी किती वापरावें, राखणदारास काय द्यावें, सामाईक जागा कोणाच्या उपयोगाची, गळकी गच्ची कोणाच्या खर्चानें दुरुस्त करावी, हे प्रश्न नांगर मोडून पडला तरी मरत नाहींत.

हे प्रश्न सुटतात कसे, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस पुढील चित्र ओळखीचें वाटेल. हें कोणा एका संस्थेचें चित्र नव्हे. आपल्या शहरांतील बहुतेक गृहसंस्थांचें आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची वेळ होते, परंतु गणपूर्ति होत नाहीं. अध्यक्ष सभा अर्धा तास तहकूब करतात, आणि उपविधींच्या आधारें तीच सभा त्याच जागीं, आतां गणपूर्तीची अट नसतांना, पुन्हां भरते. ठराव वाचला जातो. कांहीं हात वर होतात, कांहीं होत नाहींत. ठराव मंजूर झाल्याची नोंद होते. ज्याचें मत पडलें तो शेजारी दुसऱ्या दिवशीं लिफ्टमध्यें भेटतो आणि मान फिरवितो. कायद्याच्या दृष्टीनें सर्व यथास्थित झालेलें असतें, आणि तरीही कांहींतरी बिघडलेलें असतें.

काय बिघडलें याचा विचार करूं लागलें म्हणजे आपल्याच भाषेंतील एक जुनी म्हण आठवते. ‘पांचामुखीं परमेश्वर’ असें आपण म्हणतों. पांचांपैकीं तिघांच्या मुखीं परमेश्वर, असें म्हणत नाहीं. एकत्र राहणाऱ्या माणसांनीं एकमतानें निर्णय घ्यावा ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. ती येथें एके काळीं रूढ होती, पुढें लोपली, आणि आमच्या काळांत एका कोपऱ्यांत पुन्हां उगवली. त्या प्रवासाचें थोडक्यांत अवलोकन करावें, आणि त्यांतून खराडीसारख्या वस्तीनें काय घ्यावें व काय टाकावें हें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शिवपूर्वकाळापासून महाराष्ट्रांतील खेड्यांचे वाद गोतसभेपुढें येत. गोत म्हणजे केवळ एका रक्ताचे लोक नव्हेत. पाटील, कुळकर्णी, मिरासदार शेतकरी आणि बलुतेदार मिळून गांवचें गोत होई, व परगण्याच्या वादांत देशमुख-देशपांडेही त्यांत मिळत. पांढरीवरील घर कोणाचें, काळीची शीव कोठून जाते, पाटीलकींतील वडीलपण कोणाकडे, असे प्रश्न तेथें निघत. वादी व प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत. आज हा शब्द पद सोडण्याच्या अर्थीं वापरतात. त्या काळीं त्याचा अर्थ, सभा सांगेल तें आपणांस राजीखुशीनें मान्य आहे अशी लेखी कबुली, असा होता. मग कागद पाहिले जात, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजरावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याचें साधन काढी. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. हरलेला पक्ष यजितखत लिहून देई, म्हणजे आपली हार आपल्याच हातानें कबूल करी. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर डॉ. गुणे यांनीं लिहिलेला जो इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें प्रसिद्ध केला, त्यांत या पद्धतीचें सविस्तर विवेचन जिज्ञासूंस मिळेल.

या सर्व विधींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मतें मोजून निकाल लावण्याची कल्पना येथें मध्यवर्ती नाहीं. आरंभीं राजीनामा आणि शेवटीं यजितखत अशी दोन्ही बाजूंनीं संमतीची बांधणी आहे. याचें कारण उघड आहे. हरलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत राहणार, त्याच विहिरीवर जाणार, त्याच सुताराकडून नांगर नीट करून घेणार. त्याच्या मनांत सल राहिला तर तो निवाडा गांवास परवडणारा नव्हता. स्थानिक गोत आपणांस अनुकूल नाहीं असें ज्यास वाटे त्यास थळ बदलून मागण्याची, म्हणजे दुसऱ्या गांवच्या सभेपुढें वाद नेण्याची सोय होती. एकमतावर चालणाऱ्या समाजानेंही बाहेर जाण्याची एक वाट उघडी ठेवली होती, ही त्या काळची शहाणीव होय.

तथापि गतकाळाच्या प्रेमानें त्याच्या दोषांवर पांघरूण घालणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं. पहिला दोष असा कीं, पुराव्यानें सभेचें समाधान झालें नाहीं म्हणजे दिव्याचा मार्ग उरे. उकळत्या तेलातुपांतून धातूचा रवा हातानें काढावयाचा, हात पिशवींत बांधून त्यावर मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशीं ती उघडून निकाल सांगावयाचा. माणसांचें एकमत होत नाहीं म्हणून तें देवाकडून करवून घेण्याचा हा प्रकार होता. दुसरा दोष याहून खोल होता. शिवेच्या वादांत महाराची साक्ष मोठ्या मोलाची मानीत. त्यानें दाखविलेली शीव गांव मान्य करी. परंतु ज्याच्या शब्दावर गांवाची हद्द ठरे, त्यास त्याच गांवांत बरोबरीनें बसण्याची मुभा नव्हती. महजरावरील निशाणी एक, आणि सभेंतील जागा दुसरी. स्त्रियांचा तर वतनाच्या वादांतील पक्षकार म्हणून येणारा अपवाद सोडला तर या सभेंत प्रश्नच नव्हता. अशा ठिकाणीं जें एकमत दिसतें, त्यांत संमति किती आणि धाक किती, हें कसें सांगावें? ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खेड्यास राज्याचा पाया मानण्याच्या कल्पनेवर जो प्रखर हल्ला केला, त्याचें मूळ या अनुभवांत आहे. जेथें बोलणाऱ्यास जागा नाहीं तेथें सर्वांचें मत एक आहे असें म्हणणें म्हणजे मौनाचा मतलब आपल्या सोयीनें लावणें होय.

पेशवाई १८१८ सालीं गेली. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालांत पंचायतींचे दोष, विशेषतः दिरंगाई आणि निवाडा बजावण्यांतील दुबळेपणा, स्पष्ट सांगितले. आणि तरीही त्या शक्य तोंवर चालू ठेवाव्या असेंच मत दिलें. पण शेजारीं दिवाणी न्यायालय उघडें असतांना पंचांचें कोण ऐकणार? ज्यास तडजोड नको तो न्यायालयाची पायरी चढूं लागला. राजीनामा देण्याचें कारण उरलें नाहीं, आणि गोतसभा हळूहळू नांवापुरती उरली.

एकत्र राहण्याची नवी रीत आली ती सहकाराच्या रूपानें. इंग्लंडांत रॉचडेल येथील विणकरांनीं १८४४ सालीं जें सहकारी भांडार काढलें, त्यांतून ‘एक सभासद, एक मत’ हें तत्त्व जगभर पसरलें. आपल्याकडे १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९१२ सालीं तो इतर प्रकारच्या संस्थांपर्यंत वाढला, आणि १९१५ सालीं मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. पुढें १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानें हीच घडी कायम केली. खराडींतील गृहसंस्था याच वंशांतील होत. या पद्धतीचा गुण लहान नाहीं. सभासदाची जात, श्रीमंती, वय वा लिंग यांवरून त्याचें मत कमीजास्त होत नाहीं. गोतसभेंत जी गोष्ट नव्हती ती येथें कायद्यानें दिली. बहुमताची टवाळी करणाऱ्यांनीं हें ऋण विसरूं नये.

शिवाय प्रत्येकाच्या हातीं नकाराचें शस्त्र दिल्यानें काय होतें, याचा एक भयंकर दाखला युरोपच्या इतिहासांत आहे. पोलंडच्या प्रतिनिधिसभेंत एकाही सभासदानें ‘मला मान्य नाहीं’ असें म्हटलें तर सभेचें सारें काम रद्द होई. १६५२ सालीं एका प्रतिनिधीच्या विरोधामुळें सभा प्रथम अशी निष्फळ ठरली, आणि पुढील शंभर-सव्वाशें वर्षांत परकीय राजांनीं एखादा प्रतिनिधि विकत घ्यावा व सभा मोडावी हा परिपाठ पडला. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेनें ही प्रथा मोडली, परंतु फार उशीर झाला होता. १७९५ सालीं पोलंडचें राज्यच नकाशावरून पुसलें गेलें. ज्यास सभेविषयीं कांहीं देणेंघेणें नाहीं त्याच्याही हातीं कुलपाची किल्ली देणें, हें एकमत नव्हे.

मग एकमतास अर्थ उरतो कोठें? याचें उत्तर शोधण्यासाठीं खराडीहून थेट महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास, गडचिरोली जिल्ह्यांत जावें लागतें. धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) नांवाचें गोंडांचें एक लहान गांव आहे. इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत त्या भागांतील आदिवासींनीं जो लढा दिला, त्यांतून या गांवास आपल्या कारभाराचा विचार करण्याची संवय लागली. गांवचे देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर विचार करणारे सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें या प्रयोगाशीं जोडलेलीं आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही त्या गांवची घोषणा सर्वश्रुत आहे. परंतु घोषणेहून महत्त्वाचा आहे तो त्यामागील दंडक. ग्रामसभेंत स्त्रिया व पुरुष दोघांनींही बसावयाचें, निर्णय सर्वानुमतीनें घ्यावयाचा, आणि एकमत झालें नाहीं तर तो लांबणीवर टाकावयाचा.

पूर्वीच्या सर्वोदयी विचाराचा धागा येथें स्पष्ट दिसतो. विनोबांनीं १९५१ सालीं भूदानाचें काम आरंभिलें आणि त्यांतून पुढें ग्रामदान निघालें. पांचांपैकीं तिघांच्या बोलण्यास परमेश्वराचा शब्द म्हणण्याची चाल त्यांस रुचत नसे. परंतु मेंढा गांवानें त्या विचारांत स्वतःची एक मोलाची भर घातली. ती म्हणजे अभ्यासगट. प्रश्न ग्रामसभेपुढें येण्याआधीं इच्छुक मंडळी एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकारास बोलावतात, कायदा वाचून घेतात, शंका विचारतात. मात्र या गटानें निर्णय घ्यावयाचा नाहीं. जाणण्याची जागा निराळी आणि ठरविण्याची जागा निराळी. ज्यानें आज आपलें मत ठासून सांगितलें, त्यास उद्यां तें मागें घेतांना मानभंग वाटूं नये, यासाठीं ही योजना किती उपकारक आहे हें अनुभवी माणसास सांगावयास नको.

या रीतीनें चाललेल्या गांवास वेळ फार लागतो, हा आक्षेप खरा आहे. दारूबंदीचा प्रश्न तेथें स्त्रियांनीं काढला, आणि तो एका बैठकींत सुटला नाहीं. गोंडांच्या देवकार्यांत मोहाच्या दारूला स्थान असल्यामुळें तेवढी मोकळीक ठेवून मग निर्णय झाला. परंतु संथपणानें ठरलेल्या गोष्टी कशा टिकतात, हेंही त्या गांवानें दाखविलें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर मेंढा गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. तोडलेला बांबू जंगलाबाहेर नेण्याचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार एप्रिल २०११ मध्यें ग्रामसभेच्या हातीं आला. आणि २०१३ सालीं गांवानें आपली शेतजमीनही १९६४ च्या ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. स्वतःची जमीन देण्याचा प्रश्न हात वर करून सुटत नाहीं. एकाही घराच्या मनांत आपणांवर जुलूम झाला असें राहिलें असतें, तर हें पाऊल पडणें कठीण होतें.

यावर कोणी म्हणेल, मेंढा हें एका जमातीचें, एका बोलीचें गांव. खराडींत कोण कोठून आला याचाही पत्ता नसतो. हा आक्षेपही विचारांत घेण्यासारखा आहे. परंतु परस्परांस अपरिचित अशीं कुटुंबें एकत्र येऊन एकमताच्या वाटेनें चालल्याचीं उदाहरणें आहेत. डेन्मार्कमध्यें कोपनहेगनच्या उत्तरेस सेत्तेडॅमन नांवाची २७ घरांची वस्ती १९७२ सालीं उभी राहिली. प्रत्येकाचें घर स्वतंत्र, पण एक सामाईक घर सर्वांचें, व तेथें पाळीपाळीनें सर्वांचें जेवण, अशी ती योजना. यास सहनिवास म्हणूं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें १९९१ सालीं अशी पहिली नवी वस्ती झाली, आणि पुढील बहुतेक वस्त्यांनीं एकमतानें निर्णय घेण्याची रीत स्वीकारली. ती क्वेकर पंथीयांच्या सभांतून आली आहे. त्या रीतींत तीन भेद करतात: मला पटतें, मला पुरतें पटत नाहीं, पण मी आड येत नाहीं, आणि सर्वांचें अहित होतें असें वाटल्यामुळें मी थांबवितों. शेवटचा अधिकार सभासदानें स्वतःच्या गैरसोयीसाठीं वापरावयाचा नाहीं, असा संकेत आहे. पोलंडांतील नकार आणि हा नकार यांतील अंतर एवढेंच, परंतु तें सर्वस्वाचें अंतर आहे.

खराडीच्या समोर, नदीपलीकडे मुंढवें ओलांडून गेलें कीं हडपसरची मगरपट्टा वसाहत लागते. तेथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं चारशें एकरांहून अधिक जमीन एकेकट्यानें विकून न टाकतां एकत्र केली, तिच्या प्रमाणांत भाग घेतले, आणि २००० सालच्या सुमारास नगर उभारावयास आरंभ केला. सतीश मगर यांनीं घराघरांशीं बोलून ही संमति मिळविली. हा प्रकार मेंढ्याहून भिन्न आहे. येथें कंपनी आहे, आणि ज्याची जमीन अधिक त्याचा भाग अधिक. तरी पुण्याच्या वेशीवर, पैशाच्या व्यवहारांत, शंभरांवर कुटुंबें एका निर्णयावर येऊं शकतात, एवढें त्यानें सिद्ध केलें यांत संशय नाहीं.

आतां खराडीकडे परत येऊं. तेथील इमारती आज तरुण आहेत. पण इमारतींनाही म्हातारपण येतें. पुनर्विकासाविषयीं महाराष्ट्र शासनानें २०१९ सालीं काढलेल्या मार्गदर्शक आदेशांत एकूण सभासदांपैकीं ५१ टक्क्यांची संमति पुरेशी मानली आहे. मोडकळीस आलेल्या घरांत एका हटवाद्यामुळें सर्वांस कुजत ठेवूं नये, हा त्यामागील हेतु योग्यच आहे. परंतु त्याच आंकड्याची दुसरी बाजू अशी कीं, शंभरांतील एकूणपन्नास घरांच्या डोक्यावरचें छप्पर त्यांच्या मनाविरुद्ध उतरविलें जाऊं शकतें. त्यांत निवृत्तिवेतनावर राहणारें वृद्ध जोडपें असेल, दुसरें घर भाड्यानें घेण्याची ऐपत नसलेली विधवा असेल. त्या दिवशीं सभेंत तीं माणसें बोलतील काय, हें त्यांच्या धैर्यापेक्षां मागील वीस वर्षांत त्या आवारांत सभा कशा झाल्या यावर अधिक अवलंबून राहील.

कायदा बदलण्याची येथें गरज नाहीं. कायदा शेवटच्या हात वर करण्याविषयीं बोलतो. त्याआधींच्या महिन्यांविषयीं तो मुका आहे, आणि ती जागा सभासदांची आहे. मोठा ठराव सभेपुढें येण्याआधीं आवारांतील कोणीही येऊन बसावें असा अभ्यासगट बोलवावा, आणि त्यांत कांहीं ठरवूं नये. सभेंत जो बोलला नाहीं त्यास नांवानें, आदरानें विचारावें. भाडेकरी व घरांतील स्त्रिया यांस मताधिकार नसला तरी त्यांचें ऐकावें. विरोध करणाऱ्यास, काय केलें तर तुम्हांस चालेल, असें विचारावें, आणि पुढील सभेपर्यंत थांबावें. गच्ची गळत असेल, पंप बंद पडला असेल, तर थांबूं नये. तेथें बहुमतच बरें. इतकें करूनही एकमत झालें नाहीं, तर मतें मोजावीं. पण त्या वेळीं हरणाऱ्याचें म्हणणें जिंकणाऱ्यांस तोंडपाठ असेल.

गोतसभेकडे संमति घेण्याची रीत होती, पण बरोबरीची जागा नव्हती. सहकारी कायद्यानें बरोबरीची जागा दिली, पण संमति घेण्याची रीत आपण विसरलों. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात, हें मेंढ्याच्या गोंडांनीं जंगलांतील एका लहान गांवांत दाखवून दिलें आहे. पुढील वार्षिक सभेस खराडींतील एखाद्या आवारांत गणपूर्तीसाठीं अर्धा तास थांबावें लागेलच. तो अर्धा तास घड्याळाकडे पाहण्यांत न घालवितां, जे आले नाहींत त्यांचीं दारें ठोठावण्यांत घालविला, तर आरंभास तेवढें पुरे आहे.